कुंकवाखालचा खड्डा

ताहेरभाईंनी काउंटरवर हिरव्या फलालीनचा तुकडा अंथरला, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि दोन्ही हात पुढे केले. तान्हे मूल घेताना करावेत तसे.

"लाओ अप्पासाब. खाली करके देना, हां. एकोणीस साल की पहचान है, फिर भी."

"तुम्हाला भरलेलं देईन का मी कधी?"

अप्पारावांनी जाकिटाच्या आतून, डाव्या कमरेच्या कातडी म्यानातून रिव्हॉल्व्हर काढले, नळी भिंतीकडे वळवली आणि खटका दाबून त्याची पाठ मोडली. काडतुसांची चकरी वर आली. तिच्याबरोबर सहा काडतुसे बोटाच्या पेराएवढी उचलली गेली. ती त्यांनी तळहातावर ओतून घेतली, फलालीनच्या कडेला एका रांगेत उभी केली आणि मगच ते रिकामे, उघडे शस्त्र ताहेरभाईंच्या हाती सोपवले. सोपवताना बोटे किंचित रेंगाळली.

क्रांती चौकातली रहदारी दुकानाच्या दुहेरी काचेपर्यंत येत होती आणि तिथेच मुकी होत होती. आत तेलाचा, जुन्या लाकडाचा आणि नव्या पुठ्ठ्यांचा वास होता. दुपारचे दोन वाजले होते. दुसरे गिऱ्हाईक नव्हते.

ताहेरभाई शस्त्र आधी कानाने तपासत. चकरी कानाशी धरून त्यांनी ती सावकाश फिरवली. सहा वेळा टिकटिक झाली, सहाही वेळा सारखी. मग नळीच्या मागे पांढरा कागद धरून तिच्या तोंडातून आत पाहिले. आतले पीळ स्वच्छ होते, एखाद्या शंखात उतरत जावेत तसे.

"नंबर?"

"तिन्हीकडे एकच. चौकट, चकरी, नळी."

"मूठ बदली?"

"नाही. मूळची अक्रोडाची."

"निकल का मुलामा नई चढाया, वो लई अच्छा किया. लोगां चमकाते, और आधी किंमत धो डालते." ताहेरभाईंनी अंगठ्याने चौकटीवरची कोरीव विलायती अक्षरे चाचपली. "पावणेपाच लाख. तुमारे लिये. दुसऱ्याला साडेचार बोललो असतो."

अप्पारावांचे नाक फुलले. सोयगावच्या आपल्या बी-बियाण्यांच्या दुकानातून शहरातल्या घरी रोकड आणावी लागते, या कारणावर त्यांना परवाना मिळाला होता. रोकड केव्हाच बंद झाली, सगळा व्यवहार मोबाइलवर आला; शस्त्र मात्र राहिले. एका जंगल ठेकेदाराकडून त्यांनी ते नव्वद हजारांना घेतले होते. तेव्हापासून त्यांनी कुठले साल, कुठला ठसा, कोणती मूठ यांचे इतके वाचले, पाहिले, विचारले, की जिल्ह्यातले परवानेवाले जुने शस्त्र घेण्याआधी त्यांना फोन करत. नळीवरच्या एका ठशावरून ते शस्त्राच्या जन्माचे वर्ष सांगत. चालवले मात्र दोनदाच, तेही चांदमारीच्या मैदानावर, तिथल्याच काडतुसांनी.

बाळगण्याने त्यांचे शरीरही हळूहळू बदलले होते. खुर्चीत ते जरा उजवीकडे कलून बसत. लग्नात कुणी मिठी मारायला आले, की डावी बाजू मागे घेऊन उजवा खांदा पुढे करत. उन्हाळा असो की पावसाळा, अंगात जाकीट असे. लोक म्हणत, अप्पाराव रुबाबदार माणूस. त्या रुबाबाचे वजन बरोबर पाऊण किलो होते.

आता त्यांना पातळ, चपटे, खटक्याने भरता येणारे नवे पिस्तूल हवे होते. ते काचेच्या कपाटातून काढून ताहेरभाईंनी शेजारी ठेवले होते. अप्पारावांनी ते मुठीत धरून पाहिले. जाकिटाशिवायही कमरेला दिसणार नव्हते.

"भाभी को पूछा?" ताहेरभाई पावतीपुस्तक उघडत म्हणाले. "नहीं तो शाम को वापस लाओगे."

"तिला काय कळतं त्यातलं? तिला दोन्ही सारखीच."

"वैसा मत बोलो. मेरी बीवी को सब कळतं. फक्त बोलत नाही, वही डर है." ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "काडतुसं पण जमा करा. मेरेकू नोंद करना पडता."

त्यांनी रांगेतले पहिले काडतूस उचलून उलटे केले, आणि भुवया वर गेल्या.

"ये क्या लाल-लाल?"

"कुंकू. खंडेनवमीला शस्त्रपूजा असते आमच्याकडे."

"शस्त्र की करो ना, मना कौन कर रहा? काडतूस कू कायकू?"

"सगळ्यांचीच होते. मी सगळं काढून ताटात ठेवतो, बायको तेलाचं बोट लावते, हळदकुंकू वाहते. विळी, कुदळ, नांगराचा फाळ, तसंच हेही."

"तेल?" ताहेरभाईंनी चष्मा काढला. "अरे बाबा, काडतूस कू तेल! इतने बडे जानकार तुम, सारा जिल्हा तुमकू पूछता, और ये नहीं मालूम? बुडाला ही जी पितळी टोपी आहे ना, तिच्या कडेनं तेल आत उतरतं. आतली दवा, बारूद, मरून जाते. बरसों से मुर्दा लेके फिर रहे तुम, अप्पासाब!"

अप्पाराव ओशाळे हसले. हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. काडतूस म्हणजे त्यांच्या लेखी सामान, शस्त्राचा नुसता शिधा. दरवर्षी ताटातून उचलून ते चकरीत भरत, मोजत, पण बुडाकडून कधी पाहत नसत.

ताहेरभाई ओल्या चिंधीने एकेका काडतुसाचे बूड पुसू लागले. पहिले. दुसरे. तिसरे. वर्षानुवर्षांचे कुंकू तेलात मुरून लाखेसारखे झाले होते. चौथ्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा पुसले, नखाने खरवडले, खणातून भिंग काढले आणि दिव्याखाली धरले. तोंडावरचे हसू विझत गेले.

"ये कब चलाया?"

"काय?"

"हे. हे कधी चालवलं तुम्ही?"

"मी ही सहा कधीच चालवली नाहीत. बाळगायची आहेत ती."

ताहेरभाईंनी भिंग आणि काडतूस दोन्ही त्यांच्या हातात दिले. गोल पितळी टोपीच्या बरोबर मध्यभागी एक खड्डा होता. मसुराच्या अर्ध्या डाळीएवढा, गुळगुळीत, खोल. खड्ड्याच्या तळाशी कुंकू अजून काळपट लाल होते.

"पडूनबिडून झाला असेल," अप्पाराव म्हणाले.

"नाही." ताहेरभाईंची भाषा एकदम सरळ झाली. "असा खड्डा एकाच गोष्टीनं पडतो. चाप ओढला, घोडा आदळला, त्याचं टोक टोपीवर बसलं. आवाज व्हायला हवा होता. झाला नाही, कारण तेलानं दवा मेली होती."

"आणि बाकीची पाच?"

"सब एक जैसी नहीं मरतीं. दुसऱ्यांदा ओढला असता, तर उडालंही असतं. अल्ला जाणे." त्यांनी खड्ड्याकडे बोट केले. "कुंकू खड्ड्याच्या आत आहे, अप्पासाब. थरावर थर. म्हणजे हे दोन-तीन पूजांच्या आधीचं." आणि मग, जणू पत्ता विचारावा तसे: "घर में कौन कौन रहता?"

"मी," अप्पाराव म्हणाले. "आणि बायको."

ताहेरभाईंनी कुणी न सांगता नवे पिस्तूल उचलले, डबीत घातले आणि कपाटाला कुलूप लावले. रिव्हॉल्व्हर त्यांनी फलालीनमध्ये गुंडाळून तिजोरीत ठेवले, जमा केल्याची चिठ्ठी लिहून दिली. पाच काडतुसे नोंदवली. सहावे अप्पारावांच्या मुठीत होते. ते त्यांनी मागितले नाही.

"घर जाओ," ते एवढेच म्हणाले. "पैदल नक्को, रिक्षा करा."

अप्पारावांची गाडी बाहेरच उभी होती. ते तिच्यात बसले, पण किल्ली फिरवायला बराच वेळ लागला.

तीन वर्षे. तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये अपेक्षा घरातून गेली. त्यांची एकुलती एक मुलगी. तिने राजकुमारशी नोंदणी लग्न केले आणि दोघे बिडकीनला भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. राजकुमार तिथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर होता. शांत, अभ्यासू, वडील कडुबा बुद्धविहाराच्या बांधकामावर स्वतः विटा वाहणारे. मुलाविषयी बोट ठेवावे असे काही नव्हते. बोट ठेवले गेले ते त्याच्या जन्मावर. त्या आठवड्यात भाऊबंद घरी येऊन बसले. चुलतभाऊ नानासाहेब चहा पिता पिता म्हणाला होता, "अप्पा, तुझ्या कमरेला ते काय आहे रे? खुळखुळा?" सगळे हसले होते. अप्पारावही हसले होते, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

पण त्यांनी काही केले नव्हते. ही गोष्ट त्यांनी या तीन वर्षांत स्वतःला पुष्कळदा सांगितली होती. आपण मोठ्या मनाने ते प्रकरण सोडून दिले. मुलीचे नाव घेतले नाही, तिला घरी बोलावले नाही, पण सोडून दिले. दुसरा बाप असता तर.

आणि इकडे घरात, त्यांच्या छपराखाली, बायकोने, आवडाबाईंनी, चाप ओढला होता.

अप्पारावांनीच तिला तो ओढायला शिकवला होता. वसाहतीत चोऱ्या वाढल्या तेव्हा, गच्चीवर, रिकाम्या शस्त्राने. तिची तर्जनी आपल्या बोटांत धरून. "जोर लागतो, भिऊ नको," ते म्हणाले होते. बोट किती बारीक होते तिचे. जाधववाडीच्या वळणावर त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली. लेक गेल्यावर ती वाळत गेली, बोलेनाशी झाली, हे त्यांनी पाहिले होते. पाहून म्हटले होते, बायकांचे वय असते. आणि तिने एकटीने ते थंड लोखंड हातात घेतले, कुठे टेकवले असेल, कपाळाला की छातीला, डोळे मिटले असतील, आणि नुसताच खट्ट आवाज. मग तिने ते जागच्या जागी ठेवले, संध्याकाळी उठून भाकरी टाकली. दर खंडेनवमीला स्वतःच्या मरणावर कुंकू लावत राहिली. आणि आपण समोर पाटावर बसून होतो.

त्यांनी ठरवले. आजच, आत्ताच तिला सांगायचे. बिडकीनला दोघांनी मिळून जायचे. पोरीला जेवायला बोलावायचे, जावयालाही. भाऊबंद गेले खड्ड्यात. पावणेपाच लाख आले तर तेही पोरीलाच द्यायचे. ठरवता ठरवता त्यांना आपल्याच मनाचे नवल वाटत होते. इतके सोपे होते हे, आणि यासाठी तिला मरणाच्या दारात जाऊन यावे लागले.

घराचे दार उघडेच होते. आवडाबाई मधल्या खोलीत भिंतीला टेकून, पाय लांब करून अंबाडी निवडत होत्या. एका बाजूला कोवळी पाने, दुसऱ्या बाजूला काड्या.

"लौकर आले," त्या मान वर न करता म्हणाल्या. "इकलं का?"

अप्पारावांनी जाकीट काढून खुंटीला लावले. कमरेला काहीच नव्हते, त्यामुळे चालताना तोल उगाच उजवीकडे जात होता. ते तिच्यासमोर खाली बसले. फरशीवर असे तिच्यासमोर ते कधी बसले होते, ते त्यांना आठवेना. मूठ उघडून त्यांनी काडतूस पानांच्या ढिगाशेजारी ठेवले, खड्डा वर करून.

आवडाबाईंनी पाहिले. हातातले पान तुटून दोन झाले.

"सापडलं व्हय," त्या म्हणाल्या.

"तीन वर्षं. एका शब्दानं बोलली नाहीस."

"तुमी इचारलं नाय."

"आवडा." त्यांनी तिचा हात हातात घेतला. अंबाडीच्या चिकाने तो काळा पडला होता. "माझंच चुकलं. मला दिसायला हवं होतं. पोर गेली म्हणून काय आपण असं करायचं असतं? उद्याच जाऊ आपण बिडकीनला. तू म्हणशील तसं करू. पण पुन्हा कधी असा जीव द्यायचा विचार मनात आणू नको. शपथ आहे तुला माझी."

आवडाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, रडू नव्हते. चुकीच्या घराची कडी वाजवणाऱ्या पाहुण्याकडे पाहावे तसे त्या पाहत होत्या.

"जीव?" त्या म्हणाल्या. "कुनाचा?"

"तुझा."

"माझा?" त्यांनी हात हळूच सोडवून घेतला. "मी कामून देऊ माझा जीव?"

रस्त्यावर कांदेबटाटेवाल्याची गाडी कर्णा लावून आली, दारापुढून गेली, वळणापलीकडे विरली.

"भाऊबंद येऊन गेले त्या ऐतवारी," आवडाबाई पुन्हा पाने खुडू लागल्या, "जेवता जेवता म्हनले तुमी, सकाळी बिडकीनला जाऊन येतो. दुसरं काय बोलले नाय. आन् उठून ते काढलं. पुसलं. भरलं. दिवानाशेजारी टीपॉयवर ठिवलं आन् झोपले. लगेच घोरायला लागले. मला वाटलं, ज्याला असं काम करायचंय त्याला झोप कशी काय येती?"

"मी नुसतं दाखवायला नेणार होतो."

"असंन."

"दाखवायलाच, आवडा. धाक म्हणून."

"असंन म्हनलं ना."

त्यांना आणखी बोलायचे होते. सोमवारी पहाटे सोयगावहून फोन आला, कपाशीच्या बियाण्याची गाडी दुकानापुढे येऊन उभी होती, म्हणून ते तिकडे गेले. आणि त्या धांदलीत बिडकीनला जाणे राहिले. राहिलेच. मोठ्या मनाने सोडून दिले ते हेच. गाडी आली नसती तर काय झाले असते, हे त्यांनी स्वतःला कधी विचारले नव्हते. तिने मात्र आदल्या दिवशीच विचारले होते, आणि उत्तरही काढले होते.

"आणि नंतर दर खंडेनवमीला," ते कसेबसे म्हणाले, "तू त्यावर कुंकू..."

"त्याला आधी. मंग बाकीच्यांला." आवडाबाईंनी एक काडी बाजूला टाकली. "त्यानं राखलं ना."

कुणाला, हे त्यांनी विचारले नाही. त्यांना दुसरेच विचारायचे होते, आणि ते विचारू नये हेही कळत होते. जन्मभर ज्या वस्तूचे बारकावे ते लोकांना समजावत आले, तिच्याविषयीचा हा अगदी पहिला, साधा प्रश्न होता.

"अजून पाच होती त्यात," ते म्हणाले. "मग पुन्हा का नाही ओढलास?"

आवडाबाई थोडा वेळ आठवत राहिल्या, भाजीत मीठ किती घातले होते ते आठवावे तशा.

"तुमच्या कानापाशी खट्ट वाजलं, तर तुमी कूस पालटली," त्या म्हणाल्या. "डोळे मिटलेलेच. म्हनले, आवडा, पंखा कमी कर गं, गार लागून राह्यलं."

"मग?"

"मंग काय." त्यांनी पुढची जुडी सोडली. "केला कमी."